माका: ओळख, बी आणि कुंडीतली लागवड

पाणथळ

श्रावण लागला की बागकामाच्या गटात एक फोटो हमखास येतो. वर पांढऱ्या पाकळ्या, मध्ये पिवळं बटण, लांब दांडा. खाली प्रश्न: "हा माकाच ना?" नाही, ती एकदांडी असते. दगडी पाला, कंबरमोडी ही तिचीच नावं. ती गुणी आहे, जखमेवर पाला चुरडून लावणारे लोक अजून आहेत, पण ती माका नव्हे. आणि ज्याला माका हवा असतो तो बरेचदा तिचाच पाला तेलात घालतो. म्हणून हा धागा. आधी ओळख, मग लागवड.

माका शेवंती, झेंडू, सूर्यफूल यांच्याच कुळातला. या कुळात आपण ज्याला एक फूल म्हणतो तो खरं तर बारीक फुलांचा गुच्छ असतो. कडेची फुलं पट्टीसारखी, मधली नळीसारखी. माक्याचा गुच्छ जेमतेम सेंटीमीटरभर. कडेच्या पट्ट्या अगदी अरुंद, दाट, पांढऱ्या, आणि मधला भागही पांढराच, फार तर हिरवट झाक असलेला. पिवळं बटण दिसलं की तिथेच थांबा, तो पांढरा माका नाही. एकदांडीच्या कडेच्या पाकळ्या मोजक्या, रुंद आणि टोकाला कातरलेल्या असतात. तिचं फूल वीतभर उंच दांड्यावर एकटं उभं राहतं. माक्याचा दांडा आखूड, पानाच्या बगलेतून निघालेला.

फूल नसेल तर पानं बघा. समोरासमोर, जवळजवळ बिनदेठाची, लांबट, दोन्ही बाजूंनी खरखरीत. खोड बरेचदा तांबूस. आणि सगळ्यात सोपी खूण म्हणजे पान किंवा कोवळं खोड बोटांत चुरडायचं आणि थोडं थांबायचं. रस हवेवर काळपट पडतो, बोटं काळी-हिरवी होतात. एकदांडीचा रस असा काळा पडत नाही.

शास्त्रीय नाव एक्लिप्टा प्रोस्ट्राटा. जुन्या पुस्तकांत एक्लिप्टा आल्बा असं सापडेल, झाड तेच. कोरड्या बांधावर तो उभा वाढतो, चिखलात आडवा पसरतो. आडवा आणि उभा दिसला म्हणून दोन जाती समजू नका.

आता लागवड. माझं म्हणणं एवढंच आहे की माका हे चिखलातलं झाड आहे हे एकदा डोक्यात पक्कं केलं की बाकी सगळं सोपं होतं. आपल्याला कुंडीतल्या झाडांना पाणी बेताने द्यायची सवय लागलेली असते. तुळस, कोरफड, मोगरा यांना ते चालतं. माक्याला ते जाच वाटतं. तो ओढ्याच्या कडेला, भाताच्या खाचरात, विहिरीच्या पाटाजवळ, नळाखालच्या ओल्यात वाढतो. मुळाशी पाणी साचलं तरी तो तग धरतो. एक दिवस माती वाळली तर मात्र माना टाकतो, आणि असं दोन-चारदा झालं की पानं बारीक, जाड आणि कडक होतात. रसच निघत नाही.

म्हणून कुंडी खोल नको, पसरट हवी. जुनं टब, रुंद घमेलं, काहीही. वीतभर माती पुरे. मातीत गाळ किंवा पोयट्याचा भाग जास्त ठेवा, जोडीला चांगलं कुजलेलं शेणखत. नुसत्या कोकोपीटमध्ये तो उगवतो पण अंग धरत नाही. ऊन भरपूर हवं. सावलीत लांबच लांब पेरं टाकत सुटतो आणि पानं विरळ येतात.

कुंडीखाली पाण्याची ताटली ठेवायला हरकत नाही, माक्याला ती आवडते. पण दर दोन-तीन दिवसांनी ते पाणी ओतून टाका, ताटली घासा. डासांच्या अळ्यांना तेवढंसं पाणीही पुरतं.

बियांबद्दल प्रश्न येतीलच, तेव्हा लिहितो.

गच्चीबाग

नेमक्या वेळी धागा काढलात. माझा प्रश्न बियांचाच. बी खात्रीचं आहे, ओळखीच्या शेतातून आणलं आहे. ट्रेमध्ये ओळी काढून पेरलं, वर चाळलेली माती भुरभुरली, रोज पाणी दिलं. एकही रोप नाही. मेथी, पालक, झेंडू याच पद्धतीने व्यवस्थित येतात. बी जुनं असेल का?

पाणथळ

@गच्चीबाग, बी बहुतेक चांगलं आहे, वरची माती काढायला हवी. माक्याच्या बीला उगवायला उजेड लागतो. अर्धा सेंटीमीटर मातीखाली गेलं तरी ते वर येत नाही. निसर्गात ते चिखलाच्या पृष्ठभागावरच पडतं आणि तिथेच रुजतं, कुणी त्याला झाकत नाही.

असं करा. ट्रे आधी पूर्ण भिजवून घ्या. माती सपाट करा. बी वरून विखुरा आणि तळव्याने हलकं दाबा, म्हणजे मातीला चिकटेल. वर काही टाकू नका. पाणी झारीने दिलंत तर बी एका कोपऱ्यात वाहून गोळा होईल, म्हणून फवारा मारा किंवा ट्रे पाण्याच्या परातीत ठेवून खालून पाणी शोषू द्या. ऊब हवी. तिशीच्या आसपास तापमान असेल तर आठवडाभरात हिरवे ठिपके दिसायला लागतात. थंडीत पेरलंत तर बी नुसतं पडून राहतं.

रोपं सुरुवातीला फारच चिमुकली असतात, आणि हाच टप्पा बरेच लोक सोडून देतात. चार-सहा पानं आली की उचलून वीतभर अंतरावर लावा. त्यानंतर वाढ झपाट्याने होते.

आणि तो ट्रे फेकू नका. माती हलवून खालचं बी वर आणा, पाणी द्या. बरंच उगवेल.

खाचरवाला

आम्ही कोकणातले भातवाले. आमच्यासाठी माका म्हणजे तण, तेही चिवट. लावणी झाली की जिथे खाचरात पाणी टिकत नाही, चिखल उघडा पडतो, तिथे माका, आणि पाणी चार-पाच बोटं राहिलं तर कमी. तुम्ही उजेडाचं सांगितलंत ते वाचून याचं कारण आज कळलं.

एक गोष्ट मात्र सगळ्यांनी लक्षात घ्या. खाचरातला माका उपटून नेऊ नका. आता बऱ्याच ठिकाणी तणनाशक मारतात. मारल्यावर लगेच झाड मरत नाही, चार दिवस हिरवंच दिसतं. बाहेरच्या माणसाला ते ओळखू येणार नाही. शेतकऱ्याला विचारून, फवारणी नसलेल्या बांधावरचाच घ्या.

दुसरं, हा कुंडीतून बागेत पसरणार नाही ना? आमचा अनुभव फार चांगला नाही.

पाणथळ

@खाचरवाला, पहिल्या मुद्द्याबद्दल मनापासून आभार. तो सगळ्यांनी दोनदा वाचावा.

पसरण्याबद्दल. एकदांडीच्या बीला केसांचा झुबका असतो, ते वाऱ्यावर उडून शेजारच्या गच्चीतही जातं. माक्याच्या बीला असं काही नसतं. ते बुडाशीच पडतं आणि मग पाण्याबरोबर, चिखलाबरोबर, खुरप्याला आणि चपलेला चिकटून पुढे जातं. तुमच्या खाचरात पाणी आणि चिखल दोन्ही असल्यामुळे ते फोफावतं. कुंडीत आवरणं सोपं आहे. पाकळ्या गळल्यावर उरलेलं हिरवं चपटं बटण काळं पडायच्या आधी छाटा, प्रश्न मिटला. बियांसाठी एखादी फांदी ठेवा, तेवढी पुरते.

निरीक्षक

खाचरवाल्यांच्या इशाऱ्यात शहरापुरती भर घालतो. शहरात माका सगळ्यात जोमदार कुठे दिसतो? नाल्याच्या काठावर, सांडपाण्याच्या पाटात, गाड्या धुतात तिथल्या डबक्यात. हिरवागार, रसरशीत. मोह होतो. पण जे पाणी झाड पितं त्यातले जड धातू झाडात उतरतात, आणि तो पाला आपण वाटतो, तेलात उकळतो, काही जण रस पोटातही घेतात. धुऊन हे जात नाही, कारण ते पानाच्या आत असतं.

बाजारातल्या पुडीबद्दलही माझं मत कडक आहे. वाळवून कुटलेल्या पाल्यात माका कुठला आणि दुसरं काय, हे डोळ्यांनी ओळखणं अशक्य आहे. घरच्या कुंडीतलं ताजं झाड आपण फुलासकट ओळखू शकतो. एवढ्या एका कारणासाठीही लावावा.

रानजाई

रोपवाटिकेत "माका" म्हणून एक पसरणारं झाड मिळालं. पिवळी टपोरी फुलं, चकचकीत पानं, कुंडीतून खाली लोंबतं. विक्रेत्याने पिवळा माका म्हणून सांगितलं. पिवळा माका असतो हे ऐकून आहे. मग हा तोच का?

पाणथळ

@रानजाई, पानं बघा. तीन भागांत कातरल्यासारखी, गुळगुळीत आणि चमकदार असतील तर तो वेडेलिया. मूळचा अमेरिकेतल्या उष्ण प्रदेशातला, शोभेसाठी जमीन झाकायला लावतात. खरा पिवळा माका वेगळा. त्याची पानं साधी, लांबट, खरबरीत असतात आणि तो रोपवाटिकेत क्वचितच दिसतो. दोघांची फुलं पिवळी आणि दोघे जवळचे नातेवाईक, त्यामुळे गल्लत होते.

ही गल्लत मला जास्त खटकते. एकदांडी निदान आपल्या रानात कधीची रुळलेली आहे. वेडेलिया जगातल्या १०० सर्वांत घातक आक्रमक प्रजातींच्या यादीत आहे. त्याला बी लागत नाही, खोडाचा तुकडा मातीला टेकला की मूळ धरतो. छाटलेल्या फांद्या ओढ्याकाठी किंवा रिकाम्या जागेत टाकू नका, उन्हात पूर्ण वाळवून मगच विल्हेवाट लावा. ठेवायचं तर कुंडीतच ठेवा. माझ्या मते काढूनच टाकावं.

सातपुडा

आमच्याकडे बी पेरत बसत नाहीत. पेरं मातीला लावलं की झालं. हातभर फांदी आडवी टाकायची, दोन-तीन पेरांवर माती दाबायची, पाणी सोडायचं. प्रत्येक पेराला मुळं फुटतात. मग तोडून वेगळी रोपं करायची. पावसाळ्यात तर हे न करताही होतं.

माझ्या आजीच्या हातावर गोंदण होतं. ती सांगायची, दिव्याच्या काजळीत माक्याचा रस कालवून गोंदायचे, आणि टोचून झालं की वरून पाला चोळायचे. म्हातारपणीही ते निळं-काळं गोंदण स्पष्ट दिसायचं. रस काळा पडतो हे वर वाचलं आणि आठवलं.

पाणथळ

@सातपुडा, फांदी लावणं हीच सगळ्यात भरवशाची रीत, आणि खात्रीची फांदी मिळत असेल तर बी शोधत बसूच नये. टोकाकडची बोटभर लांबीची फांदी, खालची पानं काढून, ओल्या गाळात खोचली तरी चालते. कळ्या आलेल्या असतील तर खुडा, नाहीतर मुळं धरायच्या आधी ती फुलण्याच्या मागे लागते. एकच विचार आहे: सगळी झाडं एका फांदीपासून केली तर सगळी एकसारखीच राहतात. दोन-तीन ठिकाणच्या फांद्या आणून लावल्यात तर बरं.

गोंदणाबद्दल लिहिलंत, फार छान वाटलं. अशा गोष्टी आजी-पणजींकडून विचारून घ्यायला हव्यात.

माजघर

आम्हाला माका लागतो तो पूजेला. गणपतीच्या एकवीस पत्रींत माका आहे, आणि पुढे पितृपक्षात श्राद्धाला माका लागतोच, माक्याशिवाय आमच्याकडे पान वाढत नाहीत. बाजारात जुडीत माका म्हणून जे येतं त्यात हल्ली काहीही असतं. गेल्या वर्षी चक्क एकदांडी होती. दोन्ही वेळेला ताजा पाला हाताशी असावा असं करायचं तर कधी लावायचा?

पाणथळ

@माजघर, भाद्रपद हा माक्याचा भराचाच काळ, त्यामुळे निसर्ग तुमच्या बाजूने आहे. फक्त एकाच वेळी सगळं लावू नका. एक कुंडी वैशाखात धरा. उन्हाळ्यात पाणी जास्त लागेल, पण उबेमुळे बी पटकन उगवतं. दुसरी ज्येष्ठाच्या अखेरीला, पाऊस सुरू झाल्यावर. पहिली कुंडी गणपतीपर्यंत फुलून पिकायला लागलेली असेल, पानं जून झालेली असतील. म्हणून ती श्रावणाच्या सुरुवातीला चार बोटं ठेवून कापा. नवे फुटवे येतात आणि भाद्रपद शुद्ध चतुर्थीला कोवळा पाला मिळतो. दुसरी कुंडी पितृपक्षाला राखून ठेवा.

कापणीचा नियमही यातच आला. बुडापासून कधीच कापू नका. खालची दोन-तीन पेरं राहिली की तिथून पुन्हा फुटतो. एका हंगामात दोन-तीन कापण्या सहज होतात. दर कापणीनंतर मूठभर शेणखत आणि पोटभर पाणी. रसासाठी कापायचा तर कळ्या-फुलं यायच्या सुमाराला, बी पिकायची वाट बघू नका. वाळवायचा असेल तर सावलीत, पातळ पसरून. थर जाड झाला की आतून काळा पडतो आणि बुरशी धरतो.

गच्चीबाग

ट्रेची माती हलवली होती. उगवलंय! अगदी सुईच्या टोकाएवढी, पण बरीच आहेत. खालून पाणी देते आहे.

आता पुढचा प्रश्न, तेलाचा. मी पाला नुसता खोबरेल तेलात टाकून उन्हात ठेवत असे. त्याला आंबूस वास येतो.

वैद्यघरची

याचं उत्तर मी देते, आमच्या घरात तेलं होतात. ओला पाला तेलात टाकला की त्यातलं पाणी तेलात अडकतं. तेच आंबतं, बुरशीही येते. पाणी आटवलंच पाहिजे.

जुनं प्रमाण असं: तेल एक भाग, माक्याचा रस चार भाग, आणि वाटलेला पाला तेलाच्या पाव भाग. म्हणजे पाव लिटर तेलाला एक लिटर रस. रसाचं प्रमाण ऐकून लोक दचकतात, पण तो आटून जाणार असतो. तेल तिळाचं घ्या किंवा खोबरेल. सगळं एकत्र करून अगदी मंद आचेवर, अधूनमधून ढवळत ठेवायचं. घाई केली तर खालचा पाला करपतो आणि तेलाला जळका वास बसतो. एका दिवसात होत नसेल तर दोन दिवसांत करा.

झालं कधी म्हणायचं? तळातला पाला बोटांवर घेऊन वळला की त्याची वात वळली पाहिजे, चिकट राहता कामा नये. ती वात निखाऱ्यावर धरली तर तडतडायला नको. तडतडली म्हणजे पाणी आहे. मग कोमट असतानाच कोरड्या फडक्यातून गाळा, कोरड्या काचेच्या बाटलीत भरा. भांडं, फडकं, बाटली यांपैकी काहीही ओलं असेल तर सगळी मेहनत वाया.

लोखंडी कढईत रंग जास्त काळा येतो. रंगावरून तेलाची परीक्षा करू नका.

उंबरठा

हे तेल लावून केस खरंच परत येतात का? टाळूवर रुपयाएवढी जागा मोकळी झाली आहे. माका लावू का सरळ?

वैद्यघरची

@उंबरठा, आधी त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. अशी गोल मोकळी जागा होण्यामागे वेगळी कारणं असतात, बुरशीचा संसर्गही असू शकतो, आणि त्यावर तेल चोळत बसलं तर उपचाराला उशीर होतो. मी रोज माक्याचं तेल लावते, माझ्या आईचंही तेच होतं, त्याने केस मऊ राहतात, डोकं शांत वाटतं. एवढंच खात्रीने सांगेन. गेलेले केस परत येतील असं वचन मी कुणाला देत नाही, आणि जे देतात त्यांच्यापासून सावध राहा. रस पोटात घेण्याबद्दलही तसंच, स्वतःच्या मनाने घेऊ नका, वैद्यांना विचारा.

रानजाई

वेडेलिया काढून वाळत टाकला. @सातपुडा यांच्या रीतीने खऱ्या माक्याची फांदी लावली आहे. शेंड्यांवर बारीक हिरवा मावा दिसतोय. काही फवारू का?

पाणथळ

@रानजाई, पाला वापरायचा आहे ना, मग शेंडा पाण्याच्या धारेने धुवा, दोन-तीन दिवस ओळीने. माका ओला राहिल्याने रागावत नाही, हा त्याचा मोठा फायदा. फारच झाला तर तेवढे शेंडे कापून टाका, खालून नवे फुटतील. कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसला तर मात्र ती कुंडी बाकीच्यांपासून लांब ठेवा. आणि फुलांवर बारीक माश्या, छोट्या मधमाश्या दिसतील, त्यांना असू द्या. एवढ्याशा फुलावर त्यांची दिवसभर ये-जा चालू असते, मुलांना भिंग देऊन बसवा तिथे.

खाचरवाला

दिवाळीनंतर काय करायचं तेही सांगा. आमच्याकडे तर भात कापल्यावर ओल असेल तिथे तो राहतो, बाकी वाळून जातो.

पाणथळ

कुंडीतही तसंच. थंडी वाढली की वाढ मंदावते, पानं तांबूस होतात, झाड बियांकडे वळतं. त्याला ओढूनताणून जगवण्यात अर्थ नाही. बटणं काळपट झाली की कागदावर धरून अंगठ्याने चोळा, बी सुटून येतं. नीट बघितलंत तर दोन आकारांचं दिसेल, कडेच्या फुलांचं तिकोनी आणि मधल्यांचं चपटं. दोन्ही घ्या. हिरवट असेल ते ठेवू नका. सावलीत वाळवून कागदाच्या पुडीत, वर नाव आणि महिना लिहून. प्लॅस्टिकच्या पिशवीत घाम धरतो.

ज्यांच्याकडे ओलीची, उन्हाची जागा आहे त्यांनी एक-दोन झाडं छाटून तशीच ठेवावीत. फाल्गुनात ऊब वाढली की बुडातून फुटवे आले तर फांद्या लावायला तयार मिळतील. नाही आले तर पुडी आहेच. आणि त्या कुंडीतली माती फेकू नका. त्यात पडलेलं बी असतं, वैशाखात माती हलवून पाणी दिलंत की त्यातूनच रोपं येतील.

माजघर

वैशाखाची नोंद दिनदर्शिकेत केली. @गच्चीबाग, तुमच्याकडे रोपं जास्त झाली तर निरोप पाठवा, माझ्याकडे मरवा आणि विष्णुकांताची रोपं आहेत, अदलाबदल करू.

गच्चीबाग

नक्की. चार पानं येऊ देत, मग कळवते. विष्णुकांत हवाच आहे.